इजाजतचाचा

चाचा कधीच कुणाच्या घराची बेल वाजवत नसत. फाटकाबाहेर उभे राहायचे, हातातलं मशीन रस्त्याच्या कडेला आडवं ठेवायचे, त्याच्यापासून चार पावलं बाजूला सरकायचे आणि मग हाक मारायचे, “घरात कुणी आहे का हो?” मशीन धरून हाक मारली तर समोरचा माणूस आधी मशीनकडे बघतो, आपल्याकडे नाही, असं त्यांचं म्हणणं. ते जमिनीतला धातू शोधायचं मशीन होतं. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, कानाला लावायला हेडफोन. मस्कतला उभी हयात इलेक्ट्रिशियनचं काम केल्यावर तिथल्या साहेबाने निघताना ते त्यांना भेट दिलं होतं. पनवेलला परतल्यावर चाचांनी त्याचीच हौस धरली.

दार उघडलं की त्यांचं बोलणं ठरलेलं असायचं. “इजाजत असेल तर अंगणात जरा फिरू का? सापडेल ते तुमचं. मला फक्त शोधायची आवड आहे.” त्यावरून आमच्या सुकापुरात त्यांचं नाव इजाजतचाचा पडलं. बहुतेक लोक नाहीच म्हणत. एकदा माझ्यासमोरच एका बंगलेवाल्याने त्यांना ऐकवलं, “काका, आमच्या जमिनीत सोनं असतं तर मी हप्ते भरत बसलो असतो का?” चाचा म्हणाले, “हप्ते भरता म्हणून तर अंगण आहे, साहेब. लोकांकडे आता बाल्कन्या राहिल्या.” तो हसला, पण फाटक उघडलं नाही. चाचांनी त्याचे आभार मानले आणि मशीन उचललं.

मी त्यांना म्हटलं होतं, कडेचे रिकामे प्लॉट आहेत, तिथे कोण विचारतंय? ते म्हणाले, “भाऊ, माझी दाढी बघा आणि हातातलं हे बघा. मी न विचारता कुणाच्या जागेत वाकलो, तर काय सापडलं हे कुणी विचारणार नाही. काय पुरलं, ते विचारतील.” असं बोलून ते स्वतःच हसले. मीही हसलो. मी हसायला नको होतं, हे पुष्कळ नंतर लक्षात आलं.

घरातल्या पुरुषाने हो म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. “बाईंना विचारलंत?” हा पुढचा प्रश्न. जागेचा कागद पुरुषाच्या नावावर असतो, पण जागेत काय आहे ते बाईला ठाऊक असतं, असं ते म्हणत. एकदा नवीन पनवेलमधल्या एका घरी त्यांना पेरूच्या झाडाखाली चांदीचं जोडवं मिळालं. घरधनी चकित झाला. “अगं, हे तर नदीवर हरवलं म्हणाली होतीस!” बाई म्हणाली, “तुमच्या अंगावर फेकून मारलं होतं. नेम चुकला.” चाचा हे सांगताना नाव कुणाचंच घेत नसत. जोडवं तेवढं हाताने करून दाखवत.

खणायची त्यांची एक रीत होती. गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापायचा, चौथ्या बाजूवर पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा. माती गोणपाटावर काढायची, तीच माती त्याच क्रमाने परत भरायची, वर गवत दाबून तांब्याभर पाणी घालायचं. पाच मिनिटांनी घरमालकालाही खड्डा कुठे होता ते सांगता येत नसे.

माझ्या फाटकाशी ते दर पावसाळ्यानंतर येत. घर जुनं, बैठं, मागे वाडी. सगळीकडे इमारती झाल्यावर एवढी मोकळी माती आमच्याकडेच उरली होती. मी एका पतपेढीत नोकरी करतो, स्वभाव असा की कुणाला स्पष्ट नाही म्हणवत नाही. मी दरवेळी “बघू” म्हणायचो. मग जागा बिल्डरला द्यायचं ठरलं. सही मी केली. आई काहीच बोलली नाही आणि तिचं न बोलणं मी होकार धरलं. आजोबांनी वाडीत काहीतरी पुरून ठेवलंय, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकू यायचं. जेसीबी येण्याआधी बघून घ्यावं म्हणून मीच चाचांना बोलावलं. आई तिच्या बहिणीकडे आपटा गावी गेली होती, तो दिवस मी मुद्दाम निवडला.

चाचा फाटकाबाहेर थांबले. “आईंना विचारलंत?”

“विचारलंय.”

“काय म्हणाल्या?”

“बघा म्हणाल्या.”

मी इतक्या सहज बोललो की माझं मलाच खरं वाटलं.

वाडीत त्यांना खिळे मिळाले, विळ्याचं पातं मिळालं, एक भोकाचा पैसा मिळाला. मागच्या कुंपणाशी, जिथली वरची माती उतारावरून वाहून गेली होती, तिथे ते गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मी जवळ गेलो, तर त्यांनी खड्ड्यावर हात धरला.

“काय आहे?”

“आहे. पण ते तुम्हाला दाखवायचा हक्क मला नाही. आईंना येऊ द्या.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “भाऊ, त्यांना विचारलं नव्हतंत ना?”

त्यांनी माती परत भरली, पाणी घातलं. चहाला थांबले नाहीत. “आई आल्या की मला फोन करा,” एवढंच म्हणाले.

मी फोन केला नाही. उलट दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून कुदळ घेऊन वाडीत गेलो. सोनं असणार, नाहीतर म्हातारा खड्डा हाताने कशाला झाकेल, असं माझ्या मनात होतं. हे लिहिताना शरम वाटायला हवी, पण आतून तेवढंही काही हलत नाही. दुपारपर्यंत कुंपणाशी चार जागी खणलं. चाचांनी बंद केलेली जागा मला सापडली नाही.

आई परत आली. तिने खड्डे पाहिले. मी तिला काहीच सांगितलं नाही. शेवटी चाचाच आले, मशीन न घेता. फाटकाबाहेरून त्यांनी मला नाही, आईला हाक मारली. आई काठी टेकत ओटीवर आली.

“आई, मी तुमच्या वाडीत तुमच्या इजाजतीशिवाय आलो होतो. माफी मागायला आलोय.”

“मशीनवाला ना तू? मना कोनी सांगितला नाय.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “काय गावला?”

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं, “एक चपटा दगड होता. त्याच्याखाली चांदीचे वाळे. तान्ह्या बाळाचे, दोन. मी हात लावला नाही. दगड होता तसा ठेवला.”

आई ओटीवर बसली. तिच्या तोंडावर काही दिसेना. मग ती बोलली, ते चाचांशी. मी तिथे असून नसल्यासारखा होतो.

“माज्या आयेनं आनले व्हते, बारशाला घालायला. बारसं झालाच नाय. पोरगी गेली. सासूनं वाळे मोडून खाल्ले, असा मी धरून बसले. मरताना तिनं पानी मागितला, तवा पन माज्या मनात त्येच व्हता. तिनं पोरीच्या संगती दिले व्हय? आनि सांगितला पन नाय.” ती थांबली. “कुठं हाय ती? मना जागा दावली नाय कोनी. बाळंतिणीला दावायची नाय म्हनाले.”

तान्हं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात, हे मला ठाऊक होतं. मला मोठी बहीण होती, हे ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर, एका परक्या माणसासमोर, मला ते कळलं.

“आत येऊ?” चाचांनी विचारलं.

“ये रे भाऊ, ये,” आई म्हणाली.

ते तिच्या पुढे चालले नाहीत, बाजूने चालले. कुंपणाशी पोचल्यावर त्यांनी बोटाने जागा दाखवली आणि माघारी वळून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आई खाली बसली. तिने मातीवर हात ठेवला. रडली नाही. चाचा मला हलकेच म्हणाले, “उचलून कुठे न्यायचं असेल तर सांगा, मी येईन. पण त्या सांगतील तेव्हा.”

तिने तसं काही सांगितलं नाही. “तिचा हाय ता, ऱ्हाऊ दे,” एवढंच म्हणाली. मी बिल्डरला फोन केला, खरंच केला. तो कोपरा मोकळा ठेवू, झाड लावू, असं तो गोड आवाजात म्हणाला. कागदावर मात्र ते कुठेच नव्हतं आणि मीही आग्रह धरला नाही.

त्या हिवाळ्यात चाचा गेले. जुम्म्याच्या नमाजाहून परतले आणि खुर्चीत बसल्या बसल्या संपले. मी मातीला गेलो. सगळ्यांबरोबर मीही मूठ मूठ माती टाकली. कुवेतहून आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, “अब्बा तुमच्या आईंची खूप आठवण काढायचे.” घरी येऊन आईला सांगितलं. “दोगंच जन व्हते पोरीचे,” ती म्हणाली, “आता मी एकली.”

आता आम्ही खारघरला भाड्याने राहतो, इमारत होईपर्यंत. नवव्या मजल्यावर आईला करमत नाही. परवा तिने सुकापूरला न्यायला सांगितलं. आमच्या जागेभोवती निळे पत्रे लागलेत. चाचा कसे उभे राहिले असते ते मला माहीत होतं. तसाच मी फाटकापासून लांब उभा राहिलो, वॉचमनला हाक मारली आणि आईला पाच मिनिटं आत जाऊ द्याल का, म्हणून विचारलं. तो बिहारचा कोवळा पोरगा होता. “काम चालू है, अंकल. अंदर किससे मिलना है?”

माझ्याआधी आईच बोलली, “पोरगी हाय माजी आत.”

आत काम करणाऱ्या बायकांपैकी कुणी असेल, असं त्याला वाटलं. तो अदबीने उभा राहिला. “नाम बोलो अम्मा, मैं बुलाके लाता हूँ.”

आईने पत्र्याला हात टेकला. तोंड उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे वळून, जणू मला तरी ठाऊक असेल अशा आशेने, ती बघत राहिली.