वायर तर माझ्या डिकीत होती

या सदरातले अनुभव मी दोन-तीन वर्षांपासून नेमाने वाचतो, आणि खरं सांगतो, बहुतेक वाचून हसतो. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाला बंद खोलीतून पैंजण ऐकू येतात... त्याआधी काय खाल्लं-प्यायलं होतं ते मात्र कुणी लिहीत नाही. मी जुने पंखे आणि मोटारी घेऊन, त्यांचं वाइंडिंग करून, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून, विकणारा माणूस आहे. माझ्या धंद्यात पंखा फिरला म्हणजे करंट आला, नाही फिरला म्हणजे नाही आला. मधलं काही नसतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. तरी लिहितो आहे.

आम्ही जबलपूरचे. आजोबा अमरावतीकडून इथे आले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. घर दुमजली. खाली मी आणि बायको, वर थोरला भाऊ — दादा — आणि वहिनी. मध्ये एक जिना आणि पस्तीस वर्षांचं भांडण.

भांडणाचं कारण सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाबा नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी घरातल्या एकाला घेणार होते. मार्क माझे जास्त होते. पण दादा थोरला, म्हणून कागद त्याच्या नावाने गेले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तो पंख्याखाली बसून रिटायर झाला आणि मी तसलेच पंखे खांद्यावर वाहून गोहलपुरात दुकान उभं केलं. वर पाहुण्यांसमोर माझी ओळख काय करून देणार? "हा आमचा धाकटा. भंगाराचं काम करतो." भंगाराचं नाही, वाइंडिंगचं. हा फरक त्याला अजून कळलेला नाही.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गल्लीत पहिलं ब्रॉडबँड मी घेतलं, माझ्या डेस्कटॉपला. वर दादाकडे एक लॅपटॉप पडून होता, त्याच्या मुलीचा, केतकीचा. तिने ग्वाल्हेरच्या मुलाशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं तेव्हा दादाने तिला दारातच सांगितलं होतं, "माझ्यासाठी तू नाहीस." ती गेली, लॅपटॉप राहिला. त्यातलं वाय-फाय बिघडलेलं होतं, हे लक्षात ठेवा. एक दिवस वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं नेट वर येऊ शकते का? यांचा दिवसभर वेळ जात नाही."

मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार टाय लावून बसला होता, जसा काही बँकेचा मॅनेजर.

"भाईसाहब, राउटर ले लो. दो हजार में झंझट खतम."

"झंझट किसकी खतम होगी, मेरी कि तुम्हारी?"

शेवटी त्याच्याच कपाटातून वायर जोडायचं एक जुनं लॅन कार्ड काढायला लावलं. तीनशे म्हणाला, सव्वाशेला घेतलं, वर पंधरा मीटर वायरची टोकं फुकट लावून घेतली. कार्ड डेस्कटॉपमध्ये बसवलं, वायर खिडकीतून वर दिली, वहिनींनी ती लॅपटॉपला जोडली. झालं नेट वर. फक्त एक होतं. नेट माझ्या डेस्कटॉपमधून जायचं, त्यामुळे डेस्कटॉप चालू असेल तरच वर चालायचं. मी बंद केला की वर अंधार. दादाकडून मी बिलाचा एक पैसा घेतला नाही. बायको म्हणाली, "बघा, भावासाठी जीव तुटतोच." तिला धंदा कळत नाही. फुकट दिलेल्या गोष्टीचा स्विच आपल्या हातात राहतो.

तो स्विच मी भरपूर वापरला. दादा क्रिकेट बघायला बसला की मला हमखास डेस्कटॉपला विश्रांती द्यावीशी वाटायची.

मग एका गुरुवारी वहिनी खाली आल्या. हातात वाटी, वाटीत कोथिंबिरीच्या सांबारवड्या. काही मागायचं असलं की त्या वाटी घेऊन येतात.

"रविवारी अकरा वाजता केतकी बोलणार आहे. तीन वर्षांनी."

"मग बोलू द्या की. फोन आहे ना."

"फोनवर हे 'हं' म्हणून ठेवून देतात. ती म्हणते, बाबा समोर बसले पाहिजेत, मला तोंड दिसलं पाहिजे. एकदाच लावीन म्हणते. नाही बसले तर यापुढे मला आई-बाप नाहीत असं समजेन." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे तयार झाले आहेत भाऊजी. कसे झाले ते माझं मला माहीत. तेवढा एक तास बंद नका करू."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

रविवारी सकाळी नऊला मी स्कूटर पुसत होतो. बायको आदल्या दिवशीच तिच्या बहिणीकडे पनागरला गेली होती. जिन्यावर दादा उभा, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. समोरचे तिवारीजी विचारत होते, "आज बड़े सजे हो, भाईसाहब?"

"बेटी से बात करनी है, नेट पर," दादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "अब देखो, चलता है कि नहीं. भंगारवाले का नेट है."

तिवारीजी हसले. दादाही हसला.

मी भांडायला लागलो की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. त्या दिवशी मी एक शब्द बोललो नाही. आत गेलो, डेस्कटॉप बंद केला, बोर्डाचा स्विच बंद केला, मोडेमचा दिवा गेला. मग सीपीयूची पॉवरची वायर काढली. मॉनिटरला तशीच वायर असते, ती सीपीयूला बसते, म्हणून तीही काढली. हुशार वाचक हाच प्रश्न आधी विचारतील म्हणून सांगतो. दोन्ही वायरी गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकल्या. घराला कुलूप लावलं, किल्ली खिशात. वर जाणारी वायर तेवढी राहू दिली. लॅपटॉपला नीट खोचलेली वायर बघत बसू दे, म्हटलं.

दुकानात एक टेबल-फॅन उघडून बसलो. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. एकदा उठलो, स्कूटरला किल्लीही लावली. गोहलपुराहून घर पंधरा मिनिटं. पोरीचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं, लहानपणी ती दुकानात येऊन तांब्याच्या तारेच्या बांगड्या करायची... पण परत गेलो असतो तर दादा जिंकला असता. किल्ली काढली. त्या टेबल-फॅनचं वाइंडिंग मी त्या दिवशी तीनदा चुकवलं.

दोन वाजता घरी आलो तर दादा माझ्या दाराशी पायरीवर बसलेला. वाटेत सगळी तयारी केली होती — तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, नोकरीची गोष्ट कुठे काढायची.

"जेवला का बे?" तो म्हणाला.

मी खिशात किल्ली चाचपली.

"केतकी बोलली. पाऊण तास. आठ महिन्यांचा पोरगा आहे तिला. मला कोणी सांगितलं नव्हतं." त्याचे डोळे लाल होते. "सकाळी मी जास्तच बोललो. वाटलं, आता हा बंद करून राहिला. तू नाही केलंस."

मला वाटलं, टोमणा मारतो आहे. दादाला टोमणा मारताना मी पस्तीस वर्षं बघितलं आहे. हा टोमणा नव्हता.

कुलूप उघडून आत गेलो. बोर्ड बंद. मोडेम बंद. सीपीयूवर हात ठेवला, थंडगार. मागचं पॉवरचं भोक रिकामं, आणि दोन्ही वायरी, डिकीतून काढलेल्या, माझ्या हातातल्या पिशवीत.

वर गेलो. त्या घरात दोन वर्षांनी पाय ठेवला. वहिनींना विचारलं, कसं दिसत होतं? "एकदम साफ, भाऊजी. एरवी अडकते, आज एकदाही नाही अडकलं. पोरगा खुळखुळा चावून राहिला होता, त्याचा आवाज येत होता." लॅपटॉपमध्ये कॉलची नोंद होती. सुरू, अकरा वाजून चार मिनिटं. त्यांच्यासमोर चालवून बघितलं, नेट नाही. खाली जाऊन डेस्कटॉप सुरू केला, वर नेट आलं. बंद केला, गेलं. असं पुढे चार रविवार करून बघितलं. एकदाही चुकलं नाही.

केतकीला फोन केला. म्हणाली, "हो काका, बाबांनी उठून मला गॅलरीतून तिवारी अंकलचं घरसुद्धा दाखवलं." म्हणजे कॉल इथूनच झाला, याच घरातून. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नेट नव्हतं. दादाचा फोन टॉर्चवाला, साधा. टायवाल्या दुकानदाराकडेही गेलो.

"बिना डेस्कटॉप के? हो ही नहीं सकता."

"हुआ है."

"तो कहीं और से आया होगा."

"कहाँ से?"

"ये तो आप बताओ, राउटर तो आपने लिया नहीं."

बायको म्हणते, गेलेल्या बाबांचा आशीर्वाद. बाबांना आयुष्यात टेलिफोनचा नंबर नीट फिरवता आला नाही, ते काय नेट चालवणार? एका भाच्याने सॅटेलाइटबद्दल काहीतरी सांगितलं. तो इंजिनियर आहे, म्हणून ऐकून घेतलं. तुमच्यापैकी कुणाकडे यापेक्षा बरं उत्तर असेल तर द्या. 'श्रद्धा ठेवा' असलं काही पाठवू नका.

दादाला मी आजवर खरं सांगितलेलं नाही. तीनदा तोंड उघडलं. त्यातलं एकदा केतकी मुलाला घेऊन घरी आली तेव्हा; पण त्याआधीच दादाने तिला सगळ्यांसमोर सांगितलं की काकाने त्या दिवशी माझं तोंड बघून नेट चालू ठेवलं. ती माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले, तर सगळ्यांना वाटलं मी लाजलो.

आता तो रोज खाली येतो. माझ्या खुर्चीत बसतो, माझा पेपर आधी वाचतो, धंद्यातलं ओ की ठो कळत नसताना मला धंदा शिकवतो. नोकरीच्या गोष्टीवरून मला एकदा त्याच्याशी पुरतं भांडायचं होतं; ते तसंच राहिलं. भांडायला तोंड उघडलं की तो म्हणतो, "जाऊ दे बे, तू मनाचा चांगला आहेस." आणि मला गप्प बसावं लागतं.