प्रभूमध्ये आनंद, आणि चिखलातला केक

कॉरिन हार्म्सला आमच्या मंडळीत चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कॅनडात, दक्षिण मॅनिटोबातला आमचा वसंत म्हणजे चिखल, तुंबलेले चर आणि तळघरात शिरलेलं पाणी. अशा दिवसांतही ती रविवारी चर्चच्या दारात उभी राहून प्रत्येकीचा हात हातात घ्यायची. "कशी आहेस?" विचारलं की म्हणायची, "आनंदात! आनंद निवडायचा असतो गं."

हे वाक्य काही जणींच्या डोक्यात जायचं. माझ्याही जायचं, खोटं कशाला बोलू? पण तिचा नवरा रेज कोठाराच्या छपरावरून पडून पाठ मोडून घेऊन बसला, तेव्हापासून घर, डुकरं आणि किराणा दुकानातली नोकरी हे सगळं ती एकटी ओढत होती. कुरकुर म्हणून नाही. त्यामुळे स्त्रियांच्या वसंत-मेळ्यात बोलायला पाळकबाईंनी तिलाच सांगितलं. विषय अर्थात तोच, रोजच्या कटकटीत प्रभूचा आनंद.

मेळ्याच्या सकाळी तिच्या तळघरातला पाणी उपसायचा पंप बंद पडला. ती गुडघाभर पाण्यात उभी, आणि वरून रेज खुर्चीत बसल्या बसल्या सांगतोय, "अगं, ते डावीकडचं बटण दाब! डावीकडचं!" पंप सुरू झाला तोवर तिचा एकुलता एक चांगला ब्लाउज भिजून गेला होता. जुनाच अंगात अडकवून ती गाडीत बसली, तेव्हा मेळ्याची वेळ होत आली होती.

आमचे रस्ते खडीचे आणि अरुंद, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर. तिच्यापुढे चिखलाने माखलेली एक राखाडी गाडी गोगलगायीसारखी चालली होती. गाडी ओळखीची नव्हती. कॉरिनने भोंगा वाजवला. फरक नाही. मग तिने भोंग्यावरचा हात उचललाच नाही. शेवटी चाकं चरापाशी नेत ती बाजूने पुढे घुसली, काच खाली केली आणि तिकडे न बघताच ओरडली, "चालवता येत नसेल तर घरी बस की!"

पुढे घुसताना तिच्या चाकांनी उडवलेला चिखल मागच्या गाडीच्या काचेवर थपकन बसला. आरशात तिला दिसलं, ती गाडी गचका खाऊन रस्त्यात तिरकी उभी राहिली होती.

कॉरिन थांबली नाही.

चर्चच्या तळघरात आम्ही टेबलं मांडत होतो. कॉरिन येऊन पोचली, आणि तिच्यानंतर बऱ्याच वेळाने एल्फ्रीडामावशी लेपकी आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण मेळ्याचा केक दरवर्षी त्यांचाच. आलुबुखाराचा मुरंबा आणि साय घातलेला, तीन थरांचा. आज त्यांच्या कोटावर चिखल होता. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत केक नव्हताच, नुसता काला झाला होता.

"अगं बाई! मावशी, हे काय झालं?" पाळकबाई म्हणाल्या.

"माझी गाडी बिघडलीय, म्हणून भाच्याची घेऊन आले. केक शेजारच्या सीटवर होता, म्हणून हळू चालवत होते. कुणीतरी फार घाईत होतं." मावशींनी बाह्या सरसावल्या. "बघत काय बसलात? काचेच्या वाट्या काढा. थर मोडले तर मोडले, साय काही आंबली नाही."

हसत हसत बायकांनी वाट्या भरल्या. मी कॉरिनकडे सहज पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, बोलायची धास्ती घेतलीय.

ती बोलली छान. पण तिने लिहून आणलेल्या भाषणात एक प्रसंग होता. एकदा ती रस्त्यात संथ ट्रॅक्टरमागे अडकली आणि चिडण्याऐवजी तिने त्या ट्रॅक्टरवाल्यासाठी प्रार्थना केली, असा. तो प्रसंग गाळायला तिला जमलं नाही. मान खाली घालून तिने तो वाचून टाकला. पहिल्याच रांगेत मावशी वाटीतला केक खात ऐकत होत्या. बायकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या. कॉरिनचे कान लालभडक झाले होते.

नंतर स्वयंपाकघरात मावशी वाट्या धूत होत्या, मी पुसत होते. कॉरिन आत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"मावशी, ती मी होते."

"माहीत आहे," मावशी मागे न वळता म्हणाल्या. "तुझ्या गाडीच्या मागच्या काचेवर केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, प्रभूमध्ये आनंद. वायपरने माझ्या काचेवरचा चिखल पुसला तेव्हा दिसलं. त्यावर मी जे बोलले ते आपल्या आजी-आजोबांच्या जुन्या जर्मन बोलीत बोलले, म्हणून बरं. पाळकांना ते कळत नाही."

मला हसू आवरेना. कॉरिन मात्र रडायला लागली. "मग सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?"

"तुझं भाषण ऐकायचं होतं ना! ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट झकास होती हो."

"मावशी, नका ना."

मावशींनी हात पुसले. "अगं, मलाही तेव्हा हसू नाही आलं. रस्त्यात बसून राहिले. वाटलं, जावं परत घरी, मरू दे तो मेळा. मग म्हटलं, प्रभू, आज माझ्याकडे आनंद चिमूटभरही नाही, तूच दे काहीतरी." मग त्यांचा आवाज बदलला. "माफ केलं तुला. पण थांबायला हवं होतंस, कॉरिन. मी चरात गेले असते तर?"

माझं हसू विरलं.

पाळकबाईंना ते भाषण रविवारी सगळ्या मंडळीला ऐकवायचं होतं, त्यांनी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. कॉरिन नको म्हणाली. कारण विचारलं, ते तिने रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे आपापले अनुभव सांगतात तेव्हा, उभं राहून सांगितलं, सगळंच. शेवटी म्हणाली, "ट्रॅक्टरवाल्यासाठी मी प्रार्थना केली नव्हती. करायला हवी होती असं नंतर वाटलं, आणि मी केली म्हणून सांगितलं."

त्यानंतर कित्येक दिवस दुकानात लोक तिला म्हणायचे, "सावकाश हं, कॉरिन, आम्ही बाजूला सरकतो!" ती मान खाली घालून पैसे मोजायची. रविवारी दारात उभं राहणं तिने सोडलं. पुढच्या शनिवारी जाऊन तिने मावशींच्या भाच्याची गाडी धुऊन दिली. मावशींनी नको म्हटलं नाही.

पण खरी शरम पुढे होती. ती तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितली. साक्ष देऊन ती घरी आली आणि रेजला म्हणाली, "आज सगळ्यांसमोर माझी लाज गेली." तो म्हणाला, "बरं झालं."

"बरं झालं?"

"तू सारखी आनंदात असायचीस. मग मला दुखतंय हे कसं सांगायचं? तुझा आनंद मोडेल असं वाटायचं."

तिने ओव्हरकोटही काढला नव्हता. तशीच त्याच्या खुर्चीशी खाली बसली.

"कुठे दुखतं?" तिने विचारलं.

त्याने सांगायला सुरुवात केली, आणि तो बराच वेळ सांगत राहिला.