शेवटची चार मिनिटं

बाबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांची नजर हळूच शोकेसकडे जायची. उल्हासनगरच्या कॉलेजात वीस वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवलेल्या माणसाच्या घरात एकही चषक नव्हता. एक येता येता राहिला. त्या दिवशी सामन्याचं गुणपत्रक मीच लिहीत होते.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. संघातली सगळ्यात चांगली मुलगी बदलापूरच्या पुढच्या चामटोली गावची होती. तिच्या वडिलांना तिचं खेळणं पसंत नव्हतं. बाबा तीनदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा कुठे ते म्हणाले, "खेळू दे. पन दिवं लागायच्या आत पोरगी घरात पायजे. एक दिस चुकला, की बंद." बाबांनी शब्द दिला.

अंतिम सामना अंबरनाथला, थंडीच्या दिवसांत. दोनची वेळ होती. प्रमुख पाहुणे साडेतीनला आले. मग नारळ, हार, भाषण. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि तिला बाहेर बोलावलं.

"सर, चारच मिनिटं!"

"रिक्षा उभी आहे. नीघ."

"सर, प्लीज यार! जिंकतोय आपण!" कर्णधार ओरडली. सरांना यार म्हटल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

"तिच्या घरी फोन असता तर विचारलं असतं," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तू जा हिच्याबरोबर." मी पेन्सिल खाली ठेवली.

रिक्षात ती बदलापूर मागे पडेपर्यंत बाहीने डोळे पुसत होती. वडील अंगणातच उभे होते. घरात अजून दिवा लागला नव्हता.

"जिंकला का?"

"माहीत नाय. चालू व्हता, तवाच निघाले."

"मंग तू हिथं कशी?"

"सरांनी धाडली."

त्यांनी मला चहाचं विचारलं.

आम्ही एका गुणाने हरलो. मुली आठवडाभर बाबांशी धड बोलल्या नाहीत. बाबांनी मला एवढंच विचारलं, "वेळेत पोचलात ना?"

पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्याला तिचे वडील येऊन पायरीवर बसले. त्याही दिवशी भाषण लांबलं. अर्धा खेळ बाकी असतानाच मैदानावरचे दिवे लागले. बाबांनी घड्याळ पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"घड्याळ काय बघता, सर?" ते म्हणाले. "मी हाय ना हिथं."

त्या संध्याकाळी उरलेला खेळ बाबांनी पहिल्यांदाच घड्याळ न बघता, भिंतीला पाठ टेकून पाहिला.