पांढऱ्याला भिणारे काकाजी

माणसं सापाला भितात, पोलिसाला भितात, सासूला तर भितातच. पण कोऱ्या पांढऱ्या कागदाला भिणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि माझ्या नशिबाने त्याच्याच हाताखाली मला काम मिळालं. सांगली जिल्ह्यात पलूसला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. गाव त्यांना नुसतं काका म्हणतं. मी यवतमाळकडची, म्हणून माझ्या तोंडी काकाजी. त्या ‘जी’ला पहिला महिनाभर सगळे हसले. लग्न होऊन इतक्या लांब आलेली, शाळा नववीतच सुटलेली, अशी मी काम मागायला दारात उभी राहिले. त्यांनी मार्क विचारले नाहीत. एक फोटो पुढे धरला. “ह्यात काय चुकलंय?” मी भीत भीत म्हटलं, “नवरदेव निळा दिसते जी.” काकाजी आतल्या बाजूला वळून काकींना म्हणाले, “हिला च्या दे.” एवढ्यावर नोकरी लागली.

आमच्याकडचे फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त होऊन छापायला सांगलीला जातात आणि पाकिटातून एसटीनं परत येतात. पाकीट फोडताना काकाजी डोळे गच्च मिटून बसायचे. “फोड, पर सावकाश.” कारण स्क्रीनवर उन्हात हसणारा नवरदेव कागदावर तळघरात कोंडल्यासारखा उतरू शकतो. “स्क्रीन आतनं पेटल्याली असती, पोरी. कागद बिचारा दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. तवा आधी स्क्रीनला कागदाएवढं गरीब करायचं.” हे गरीब करणं रोज सकाळी चाले. कॉम्प्युटर लावून अर्धा तास थांबायचं. मग ट्यूबच्या उजेडात स्क्रीनशेजारी फोटोचा कोरा कागद धरायचा, स्क्रीनवरही कोरं पान उघडायचं, आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत न्यायचा. हा पांढरा चुकला की सगळे फोटो चुकणार, काकाजींची भीती ती हीच. शेवटी परीक्षेला एक ठरलेला फोटो: पांढऱ्या फेट्याचा म्हातारा आणि त्याची काळीभोर म्हैस. फेट्याच्या चुण्या आणि म्हशीचा डोळा कागदावर दिसतो तसाच स्क्रीनवर दिसला, की बटणावर चिकटपट्टी. “ह्याला हात लावशील तर यवतमाळची गाडी दावीन,” असं ते हसत म्हणायचे. मी हसायची नाही. मला गाडी दिसायचीच.

स्क्रीनवर भलता रंग पडू नये म्हणून त्यांनी भिंती राखाडी केल्या होत्या, आणि अंगातला शर्टही बारा महिने राखाडी. नवीन गिऱ्हाइकाला वाटे, घरात कुणी गेलं की काय. एकदा एक नवरीची आई हळदीसारखी पिवळीधमक साडी नेसून फोटो बघायला आत शिरली, तर काकाजी हात जोडून उभे. “आवं मावशी, जरा मागं सरा, नवरीला कावीळ व्हतीया!” बाई अशी बिथरली की आधी घरी पोरीला फोन करून डोळे तपासायला सांगितले.

गेल्या वर्षी मात्र पाकिटातून खरोखरच काळोख यायला लागला. काकाजी सांगलीच्या छापणाऱ्या लॅबवाल्यावर तापले. मी गुपचूप चिकटपट्टी उचलून पाहिलं. मी आले तेव्हा ब्राइटनेस पस्तिसावर असायचा, तो सत्तरावर गेला होता. कागदावरचा म्हशीचा डोळा त्यांना पाठ होता. स्क्रीनवरचा दिसेना, म्हणून ते उजेड वाढवत नेत. मग त्या उजेडात गिऱ्हाइकाचा फोटो फार उजळ वाटून ते त्याला काळा करत. त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. ते जेवायला गेले की मी ब्राइटनेस पस्तिसावर आणायची, फोटो उजळायची, सांगलीला पाठवायची, आणि त्यांची चप्पल वाजायच्या आत परत सत्तर. आठ महिने.  फोटो चांगले यायला लागले. काकाजी खूश. “बघ, झापल्यावर सुधारला का न्हाई लॅबवाला!”

शेवटी काकींनीच ओळखलं. “आवं, परवा ह्यांनी लायटीच्या खांबाला रामराम घातला!” दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. सांगलीला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्यासाठी पुढची तारीख मिळाली. महिन्याभराने स्टुडिओत येऊन ते कोरा कागद धरून बसले आणि एकेक डोळा झाकून बघायला लागले. “ह्या डोळ्यानं दुधासारखा, ह्या डोळ्यानं तुपासारखा. म्हंजे मी इतके दिस तुपात काम केलं?” त्यांचा चेहरा उतरला. “एवढ्या नवऱ्या काळ्या करून घरोघर धाडल्या, पोरी?” त्यांनी कपाटातले गेल्या सहा महिन्यांचे नमुने काढून नव्या डोळ्यासमोर धरले. एकेक फोटो ठीक. सगळे ठीक. काकाजी उठून उभेच राहिले. “डोळा गेला, पर हात चुकला न्हाई! मग दुसरा डोळा कशाला कापायचा? सोमवारी मी जात न्हाई.”

काकी ओरडल्या, विनवून दमल्या, मग रडल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, डावा आता लांबवू नका. मी खुर्चीला धरून उभी होते. न बोलले तर त्यांचा डोळा जाणार, बोलले तर मी जाणार. परत गावाला कोणत्या तोंडाने जायचं, हेही त्या क्षणात मनात येऊन गेलं.

“काकाजी, तुमचा हात नव्हता जी. मी करत होती. रोज. पट्टी काढून.”

काकी रडायच्या थांबल्या. काकाजींनी नमुन्यांतून एका नवरीचा फोटो उचलला. मग विचारलं, “आकडा किती ठिवायचीस?”

“पस्तीस.”

त्यांनी हातातला फोटो जवळ नेला. “हिच्या हनवटीखाली जरा जास्तच उजळलंयस.” आणि काकींना म्हणाले, “सोमवारी किती वाजता जायाचं?”

आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. पण स्क्रीनला गरीब करायला ते बसत नाहीत. सकाळी गिऱ्हाइकाच्या बाकावर बसतात, मी कोरा कागद धरते, आणि ते तिथूनच विचारतात, “जमलं?” मी म्हणते, जमलं जी. ते मान हलवून पेपर उघडतात. माझी मात्र खात्री नसते. त्यांनी एकदा तरी उठून यावं, पट्टी काढून बघावं आणि मला चांगलं झापावं, असं फार वाटतं. ते उठत नाहीत.