बाबांचा खालचा ओठ

आई गेल्यावर मी बाबांना पुण्याला घेऊन आले. विश्रांतवाडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये तोवर मी एकटीच राहत होते, खराडीच्या ऑफिसात रोज जाऊन-येऊन करत होते. बाबा विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचे. नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात केली, पण जीव रमला गावच्या क्रिकेटच्या मैदानावर, अंपायर म्हणून. पुण्यात आले आणि बोलेनासेच झाले. सकाळी पेपर वाचायचे, मग दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. ऑफिसातून फोन केला तर "जेवलो" एवढंच सांगून ठेवून द्यायचे.

एका रविवारी मैत्रिणीचं नवं घर बघायला आम्ही वाघोलीला गेलो. तिच्या सोसायटीमागे मोकळं रान होतं आणि तिथे कंपन्यांमधली मुलं टेनिस बॉलने मॅच खेळत होती. चहा होईपर्यंत बाबा खाली गेले, ते वर आलेच नाहीत. मी शोधत गेले तर साहेब स्टंपांमागे उभे, दोन्ही हात आडवे पसरून वाइड देत होते.

"काका, आतून गेला हो बॉल," बोलर म्हणाला.

"मी इथं कशासाठी उभा हाओ मग?" बाबा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांचा असा खणखणीत आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यानंतर त्यांचे रविवार ठरून गेले. टीममधला एक जण आमच्याच भागात राहायचा, तो सकाळी बाइकवरून त्यांना घेऊन जायचा. टोपी घ्या म्हटलं की बाबा हसायचे. "पुण्याचं ऊन म्हणजे काय ऊन हाय का वं? आमच्याकडे ये मे महिन्यात." गावी असताना तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. इथे वारा गार लागायचा, म्हणून ऊन लागतंय हे त्यांना कळतच नव्हतं.

थंडी सरता सरता एका रविवारी ते घरी आले ते खालचा ओठ सुजवूनच. वरच्या ओठावर झुपकेदार मिशी, त्यामुळे तो वाचला होता. खालचा मात्र लालभडक झाला होता आणि मधे चिरला होता. जेवायला बसले, वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. मी दहीभात कालवून दिला. मग मऊ कापड थंड पाण्यात भिजवून ओठावर धरायला दिलं. आग कमी झाल्यावर कोरफडीचं जेल आणलं. बाबांना जवळचं नीट दिसत नाही, ते जेल हनुवटीलाच फासत बसले. शेवटी मीच बोटावर घेतलं.

वडिलांच्या तोंडाला मी कधी हात लावला नव्हता. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. पाया पडायचं, फार तर पाठ दाबून द्यायची. बाबांनी डोळे मिटून घेतले. मी अगदी हळू, कडेपर्यंत जेल लावत होते.

"तुझी आई तूप लावायची," ते डोळे न उघडता म्हणाले. "टूर्नामेंट असली की रोज. मी नको म्हणायचो."

"मग?"

"मग काय. लावायचीच."

मी बोटावर आणखी थोडं जेल घेतलं. मला आईचं बोट आठवत होतं, स्वयंपाक करून खरबरीत झालेलं, हळदीने पिवळं पडलेलं. ते बाबांना त्या वेळी किती हवंसं वाटत असेल, हे मला माझ्या बोटाखाली कळत होतं.

ओठ बरा व्हायचा आणि रविवारी पुन्हा भाजायचा. बाबा सारखी जीभ फिरवायचे, त्याने तो आणखी कोरडा पडायचा. सुटलेली साल पेपर वाचता वाचता ओढायचे, की रक्त. मी ओरडले की लहान मुलासारखा हात मागे घ्यायचे. होता होता एका जागी पांढरट, खरखरीत डाग राहिला तो जाईचना. तेव्हा मात्र मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई वयस्कर होत्या, शब्द मोजून वापरणाऱ्या.

"तंबाखू?"

"आयुष्यात नाही," बाबा ताठ होऊन म्हणाले.

"मग उन्हात काय करता?"

"अंपायरिंग. पण मी विदर्भातला हाओ, मला उन्हाची सवय हाय."

"तुम्हाला असेल. ओठाला नाही."

त्यांनी डागाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळत काढले. मी मुद्दाम ऑफिसातल्या गमती सांगायचे, ते मुद्दाम हसायचे. आईच्या आजारपणातही आम्ही असंच वागलो होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रिपोर्टमध्ये वाईट काही निघालं नाही. उन्हाने ओठाची त्वचा खराब झाली होती, आणि असंच चालू राहिलं तर पुढे धोका होता. डॉक्टरांनी गोल काठाची मोठी टोपी सांगितली. साध्या व्हॅसलीनने ऊन अडत नाही, म्हणून उन्हापासून वाचवणारा, एसपीएफ तीस किंवा जास्त लिहिलेला लिप बाम सांगितला. बाहेर पडण्याआधी लावायचा, दर दोन तासांनी पुन्हा लावायचा, चहापाणी झालं की पुन्हा. डाग परत दिसला तर लगेच यायचं.

"लिपस्टिक लावून मैदानात उभा राहू काय आता?" घरी आल्यावर बाबा म्हणाले.

"रंग नाही त्याला, बाबा."

पहिल्या रविवारी त्यांनी तो पाठ फिरवून लावला. पोरांनी बघायचं ते बघितलंच. पण उन्हाळा चढला तसे एकेक जण काकांकडे ओठ पुढे करून येऊ लागले. बाबा "आपला आपला आणा रे" म्हणायचे, तरी पुढच्या वेळी मला दुकानातून जास्तीचे दोन आणायला लावायचे.

ओठ सुधारला. बाबाही सुधारले, आणि तिथेच माझा हिशेब चुकला. मला वाटलं, आता ते इथलेच झाले. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "घर बंद पडून हाय. तुझ्या आईनं लावलेल्या झाडांना कोणी पाणी घालत नसेल. जातो मी आता."

मी थांबा म्हटलं नाही. त्यांच्या डोळ्यांत ते अंगण इतकं स्पष्ट दिसत होतं, की मला म्हणवलंच नाही.

आता ते गावी आहेत. मैदानावर ऊन उतरल्यावरच जातात, असं शेजारच्या काकू सांगतात. फोनवर मी रोज ओठाचं विचारते आणि ते रोज "बरा हाय" म्हणतात. खरं तर मला दुसरंच काही विचारायचं असतं, परत कधी येता, असं काहीतरी. रविवारी सकाळी खालून बाइकचा हॉर्न वाजला की अजून मी दाराकडे बघते.

मैत्रीण सांगत होती, वाघोलीच्या पोरांना नवा अंपायर मिळालाय म्हणे, तो वाइड फारच कमी देतो. चल एकदा बघायला, असंही म्हणाली. मी अजून गेलेली नाही.