याकोबमामाचा सातवा दिवस

याकोबमामा गेल्याची बातमी मला बांबूच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितली. पावसाळा सरत आला होता, भामरागडकडच्या नाल्यांचं पाणी ओसरलं होतं आणि त्या वाटेनं निघालेला पहिलाच ट्रक चांद्याला पोचला होता. मी दवाखान्याच्या ओसरीत पट्ट्या गुंडाळत बसले होते. ड्रायव्हर डोक्याचा रुमाल काढून समोर उभा राहिला. "सिस्टरबाई, तुमचे मास्तर गेले जी. ताप होता. रस्ता बंद होता, इकडं आनता आलं नाई. गावच्या लोकायनंच माती देल्ली." कधी, असं मी विचारलं. पोळ्याच्या मागंपुढं, एवढंच त्याला ठाऊक होतं... म्हणजे मी इथे परक्यांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते, त्या दिवसांत केव्हातरी मामा तापानं गेला. आणि त्यानंतरही कितीतरी दिवस, त्याला या हिवाळ्यात स्वेटर विणून न्यायचा, असं मी मनात धरून होते.

आई गेल्यावर मी मामाच्या घरी आले, तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. मामा मिशनच्या शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवायचा. एस्तेरमामी कमी बोलणारी, पण तिनं एकदा पाहिलं की घरातला आवाज आपोआप खाली यायचा. तिचा थोरला भाऊ शांतवन आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक होता. सगळी मंडळी त्याला पाळकभाऊ म्हणे. मामा आणि पाळकभाऊ एकाच बोर्डिंगात वाढलेले, दोघांनाही घरचं असं कोणी नव्हतं. पुढे नातं जुळलं, पण त्याआधीच ते एकमेकांचे झालेले होते. रविवारी उपासना झाली की पाळकभाऊ आमच्याकडे जेवायला यायचा. जेवण झालं की दोघं अंगणात बाज टाकून वाद घालायचे. बायबलातल्या योनाला गिळणारा मासा केवढा असेल, स्वर्गात मराठी बोलतात की नाही, कशावरूनही. मामी आतून म्हणायची, "हळू बोला, शेजारच्यायले वाटन मारामारी होऊन राह्यली." मग दोघंही हसायचे. मी त्या हसण्यात वाढले.

ते हसणं थांबलं कापणीच्या सणाला. त्या दिवशी मंडळीतले लोक आपापल्या शेतातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतात. धानाच्या लोंब्या, भोपळे, एखादी कोंबडी. कोळशाच्या खाणीत काम करणारा राजम नावाचा एक तेलुगू माणूस नुकताच आमच्यात येऊ लागला होता. त्याला शेत नव्हतं. त्यानं खाणीतून निघालेली एक दगडी लादी धुऊनपुसून आणली. तिच्यावर एका पानाचा ठसा होता, लांबट पान, मधली शीर आणि बाजूच्या बारीक रेषा अगदी काल गळून पडल्यासारख्या. पाळकभाऊनं ती लादी दोन्ही हातांनी घेतली, सगळ्यांना दाखवली आणि भोपळ्यांच्या मधोमध मानानं ठेवली. राजमच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. उपासनेनंतर त्यानं मामाला विचारलं, हे पान कोणत्या झाडाचं. मामा म्हणाला, ते झाड आता नाही. माणूस पृथ्वीवर यायच्या फार, फार आधीचं ते झाड. दोनचार माणसं भोवती जमली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "फार म्हंजे किती, मास्तर? देवानं झाडं तिसऱ्या दिवशी केली, मानूस सहाव्या, असं पवित्र शास्त्रात लिवलं हाये. मधात तीन तर दिवस हायेत." मामा सहज बोलून गेला, "ते दिवस आपल्या दिवसायसारखे नसतील, बाबा."

त्या रविवारी पाळकभाऊ जेवायला आला, पण बाज अंगणात कोणी टाकली नाही. दोघं आत बसले. मी ताटं उचलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तू लोकायसमोर असं काऊन बोलला?" पाळकभाऊनं विचारलं.

"जे वाटते ते बोललो. सूर्य चौथ्या दिवशी झाला असं पवित्र शास्त्रच सांगते. मंग पयल्या तीन दिवसांची संध्याकाळ कशावरून मोजली, तूच सांग."

"देवाले सूर्य लागत नाई, याकोब."

"मंग त्याले चोवीस तास तरी कायले लागतीन?"

पाळकभाऊ मग जे बोलला, त्यात राग नव्हता. "माझ्या मंडळीतली निम्मी मानसं घरच्यायनं टाकलेली हायेत. कोनाले विहिरीवर येऊ देत नाईत, कोनाच्या मायनं तोंड फिरवलं. त्यायच्याजवळ एक पुस्तक हाये, दुसरं काई नाई. त्याच्या पयल्याच पानावर मी म्हनलं का इथं लिवलं तसं नाई, तर शेवटच्या पानावर कोन भरोसा ठेवन? एक टाका उसवला का सगळं उसवते."

"अन् उद्या त्यायचे लेकरं खाणीत उतरतीन," मामा म्हणाला. "पान आपल्या डोळ्यानं पाहतीन. तवा ते पान खोटं म्हनतीन का पुस्तक?"

दोघांचंही खरं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. दोघांनाही त्याच माणसांची काळजी होती.

पण घरातला वाद मंडळीच्या पंचांपुढे गेला की त्याचं रूप बदलतं. मामानं सर्वांसमोर उभं राहून सहा दिवस म्हणजे सहाच दिवस असं म्हणावं, असं पंचांनी ठरवलं. मामा म्हणाला, देवानं हे सगळं केलं, एवढं मी कुठेही उभं राहून म्हणेन, कितीही वेळा म्हणेन, पण दिवसाची लांबी मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते देवाच्या घरात उभं राहून ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही. मग रविवारच्या शाळेतले त्याचे वर्ग काढून घेतले. उपासनेत उभं राहून प्रार्थना करायला त्याला कोणी सांगेनासं झालं. आणि पाळकभाऊनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, मनं जुळेपर्यंत प्रभुभोजन घेऊ नको, मंडळी मिळून घेते ती भाकर आणि प्याला घेऊ नको. सांगताना तो खाली बघत होता, असं मामानंच मामीला सांगितलं. त्यानंतर रविवारचं जेवण बंद झालं. मामी मात्र काही रविवार एक ताट जास्तीचं घासून ठेवत राहिली.

मामीला सहा दिवस सहाच वाटत. तिनं ते लपवलं नाही. "मले भावाचंच पटते," ती मामाला म्हणाली, "पण म्हनून तुमचं ताट मी येगळं मांडू काय?" दर रविवारी ती त्याच्या शेजारीच बसायची. प्रभुभोजनाची भाकर आली की ती आपला तुकडा घ्यायची आणि ताटली मामाच्या मांडीवरून पलीकडच्या माणसाच्या हातात द्यायची. मामा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहायचा. भाकर गेली, प्याला गेला, तो बसलेलाच. उठून गेला असता तर लोकांना बरं वाटलं असतं. तो उठला नाही. एकही रविवार चुकवला नाही. सहा दिवसांवरून एवढं झालं, पण सातव्या दिवसाबद्दल, देवाच्या विसाव्याच्या आणि आपल्या उपासनेच्या दिवसाबद्दल, मामा आणि पाळकभाऊत कधी दुमत नव्हतं.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मामी गेली. पोटाचं दुखणं होतं, आमच्याच दवाखान्यात गेली. पुरताना खड्ड्याच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला पाळकभाऊ. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. दोघांनी आळीपाळीनं माती लोटली. मला वाटलं, आता तरी... संध्याकाळी पाळकभाऊ आमच्या अंगणापर्यंत आला. मामा दारात उभा होता. मध्ये तुळतुळीत सारवलेलं अंगण होतं, दहा पावलांचंही नसेल. "येतो," पाळकभाऊ म्हणाला आणि परत गेला. मामा दिवा लागेपर्यंत दारातच उभा होता.

त्यानंतर मामानं आलापल्लीच्याही पलीकडची, जंगलातली मिशनची शाळा मागून घेतली. तिथे जायला कोणी तयार नव्हतं. पावसाळ्यात महिनेच्या महिने वाट बंद, ख्रिस्ती घर एकही नाही. मी एकदा हिवाळ्यात चार दिवसांची सुटी काढून गेले. कुडाच्या दोन खोल्या, एक शाळेची, एक त्याची. माडिया मुलं त्याच्याशी गोंडीत बोलत आणि त्याच्या चुकांवर हसत. तो वाळला होता. मी विचारलं, "करमते का?" तो म्हणाला, "दिवसा करमते." मुलांना उत्पत्तीची, त्या सहा दिवसांची गोष्ट सांगतोस का, असं मी विचारलं.

"सांगतो ना. जशी हाये तशी. पयला दिवस, दुसरा दिवस... एक शब्द बदलत नाई."

"आणि दिवस केवढा, ते?"

"ते त्यायनं अजून इचारलं नाई," मामा म्हणाला. "शांतवनले हेच पाहिजे होतं. गोष्ट आधी पुरी होऊ द्यावं. माझंच चुकलं का काय, कोन जाने... पन इचारतीन तवा मी खोटं नाई सांगनार."

ड्रायव्हर गेल्यावर मी तशीच उठून पाळकभाऊकडे गेले. ऐकून तो खाली बसला. मग आत जाऊन कोट घालून आला. "चाल," एवढंच म्हणाला. आता त्याला नीट दिसत नाही, तरी तो ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसून दिवसभर धक्के खात आला. वाटेत मी त्याला मामाचं ते बोलणं सांगितलं. "मी आजही सहा दिवसच म्हनीन," तो म्हणाला. पुष्कळ वेळानं पुन्हा म्हणाला, "पन गोष्ट तो माझ्याहून चांगली सांगे."

गावात पोचलो तो शनिवार होता, तिथल्या बाजाराचा दिवस. मामाला मोहाच्या झाडाखाली पुरलं होतं आणि उशाशी माडिया लोकांच्या रीतीनं एक उंच दगड उभा केला होता. हा दगड पाळकभाऊला रुचणार नाही, असं मला वाटलं. त्यानं त्यावर हात टेकवला आणि प्रार्थना केली. आवाज इतका लहान होता की मला शब्द कळले नाहीत.

सकाळी मी उठले तर शाळेची ओसरी झाडलेली होती. एक म्हातारी शिंदीच्या चटया अंथरत होती. आज काय आहे, असं मी विचारलं. तिथला एक जण मराठी जाणणारा होता, त्यानं सांगितलं, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मास्तर इथी बसे. एकटाच बसे, डोळे मिटून. एकट्या मानसाले एकटं बसू देऊ नोये, म्हनून आमी येऊन बसत होतो." मामानं त्यांच्यातल्या कोणालाही बाप्तिस्मा दिला नव्हता. काय करतोस, असं त्यांनी त्याला कधी विचारलंही नव्हतं. तो बसायचा, ते बसायचे, ऊन ओसरीवर आलं की सगळे उठायचे. तो गेल्यावरही त्यांना हे थांबवावंसं वाटलं नव्हतं.

हळूहळू माणसं आली. बायका, म्हातारे, पाटी काखेत धरलेल्या मुली. पुढची जागा सोडून सगळे बसले. पाळकभाऊ कोट घालून खोलीतून बाहेर आला. त्याच्या हातात बायबल होतं. म्हातारीनं त्याला पुढे जा म्हणून खूण केली. तो पुढे गेला नाही. माणसांच्या मधोमध, चटईवर, मांडी घालून बसला आणि पुस्तक न उघडता गुडघ्यावर ठेवलं.

ऊन ओसरीवर यायला अजून वेळ होता.