शब्द न बदलता

आमच्या कारखान्यात त्याला सगळे मौनी म्हणायचे. लेथ मशीनवर त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता, पण बोलायची वेळ आली की तो मान हलवायचा, बोट दाखवायचा किंवा नुसता हसायचा. नव्या माणसांना वाटायचं, भारी शिष्ट आहे. खरं कारण आम्हा जुन्यांना माहीत होतं. तो अडखळायचा. विशेषतः प आणि ब आले की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत.

यावर त्याने एक युक्ती शोधली होती. अडणारा शब्द पुढे दिसला की तो बाजूला सारायचा आणि दुसरा घ्यायचा. 'पाणी' म्हणायचं नाही, 'तहान लागलीय' म्हणायचं. 'बायको' म्हणायचं नाही, 'घरचे' म्हणायचं. असं आयुष्यभर चाललं होतं, आणि या युक्तीचा आम्हाला पत्ताही नव्हता.

फोरमनची जागा त्याला दोनदा देऊ केली होती. दोन्ही वेळा घरच्या अडचणीचं कारण सांगून त्याने ती नाकारली. अडचण घरात नव्हतीच. आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना फोरमन सगळ्यांसमोर उभा राहून दिवसाचं काम सांगतो, कुठल्या मशीनला काय झालंय ते सांगतो. मौनीला ते उभं राहणं नको होतं. पण जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

प्रयत्न त्याने केले नव्हते असं नाही. एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे तो गेला होता. त्यांनी श्वासाचे व्यायाम दिले, रोज थोडं सावकाश मोठ्याने वाचा म्हणाल्या. याने काय केलं, पहाटेचा गजर लावला आणि आरशासमोर तासभर उभा राहायला लागला. आठवडाभर उत्साह टिकला. मग एक दिवस झोप लागली, एक दिवस सर्दी झाली, आणि एकदा खंड पडला म्हटल्यावर पुन्हा आरशासमोर जायची लाज वाटू लागली. स्वतःचंच अडलेलं तोंड रोज सकाळी कोण बघणार? ते सगळं बारगळलं.

मग सासरे राहायला आले. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. आता नजर जवळजवळ गेली होती, पण वर्तमानपत्राची तलफ गेली नव्हती. मौनीची बायको परिचारिका, ती सकाळी लवकर कामावर जायची. घरात उरायचे हे दोघं, एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला बोलवत नाही. मधे चहा निवत पडलेला.

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी नुसते मथळे वाचायला सांगितले. मौनी घामाघूम झाला. एका मथळ्यात 'पालिका' शब्द होता. त्याने सवयीने तो टाळला आणि 'नगर कार्यालय' म्हणून पुढे गेला. म्हातारबांनी कप खाली ठेवला.

"असं कोणी छापत नाही," ते म्हणाले. "इथे पालिका असणार. शब्द बदलू नका, लिहिलंय तेच वाचा. वेळ लागला तर लागू दे, मला कुठे गाडी पकडायचीय?"

मौनी अडला, तसाच अडून राहिला. सासरे चहा पीत बसले. त्यांनी शब्द पुढे सरकवला नाही, की 'हळू, हळू' म्हणून धीरही दिला नाही. शेवटी शब्द बाहेर पडला. त्यावर ते एवढंच म्हणाले की मथळा वाईट लिहिलाय, क्रियापद शेवटी हवं होतं. त्यांचा सगळा राग वर्तमानपत्रावर. वाचणाऱ्याच्या अडण्याबद्दल त्यांनी कधी शब्दही काढला नाही.

तेच चालू राहिलं. गजर नाही, आरसा नाही, संकल्प नाही. चहा ओतला की वर्तमानपत्र उघडायचं. मथळ्यांवरून एक बातमी झाली, मग अग्रलेखही. कधी खंड पडला तर सासरे विचारायचे, काल जगात काहीच घडलं नाही वाटतं? मग दोन दिवसांचे अंक एकदम वाचायला लागायचे. कंटाळा यायचा, पण समोर कान लावून बसलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

सकाळची घडी बसल्यावर त्याला आणखी थोडा धीर आला. कॅंटीनमध्ये बोट दाखवण्याऐवजी तो तोंडाने मागायला लागला. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी रोज एखादं वाक्य बोलायचं, असं त्याने ठरवलं. पुढे उपचारवाल्या बाईंकडे पुन्हा गेला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, मी हेच सांगत होते, फक्त चहा सुचला नव्हता. त्यांनी श्वास सोडत शब्द कसा सुरू करायचा ते नीट शिकवलं आणि तेही चहाबरोबरच बसवून घ्या म्हणाल्या.

अडखळणं काही गेलं नाही. त्याची भीती मात्र कमी होत गेली.

जुने फोरमन निवृत्त व्हायला आले. या वेळी मौनी स्वतःच मॅनेजरबाईंच्या खोलीत गेला आणि जे कारखान्यात कोणालाच कधी सांगितलं नव्हतं ते सांगून मोकळा झाला.

"मी बोलताना अडखळतो. सकाळी मला थोडा जास्त वेळ लागेल."

बाईंनी कागदावरून मान वर केली. "लागू द्या की. माणसं तशीही जांभया देत उभी असतात."

फोरमन म्हणून त्याच्या पहिल्या सकाळी मी दुसऱ्या रांगेत होतो. त्याने कामं वाटली, अधूनमधून अडला, पण पुढे जात राहिला. शेवटी मुख्य गोष्ट आली. खिडकीजवळच्या लेथचा ब्रेक आदल्या संध्याकाळपासून धरत नव्हता. दुरुस्ती होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नव्हता. आणि नेमका त्या 'ब्रेक'वर मौनी थांबला.

ओठ मिटले. मागे कोणीतरी खाकरलं. मला वाटलं, आता हा बोट दाखवेल किंवा 'तो भाग' वगैरे म्हणून निसटेल. पण तो हलला नाही, कोणाची नजरही चुकवली नाही. हळूच श्वास सोडला आणि म्हणाला, "ब्रेक. ब्रेक नादुरुस्त आहे. त्या लेथला कोणीही हात लावायचा नाही."

कोणी हसलं नाही. त्या लेथवर काम करणाऱ्याने विचारलं, मग मी आज कुठे उभा राहू? मौनीने त्याला दुसरं मशीन सांगितलं आणि माणसं पांगली. एवढंच झालं. आयुष्यभर ज्याला घाबरला, ते इतक्या साधेपणाने उरकलं.

मधल्या सुट्टीत तो भिंतीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. घरून आणलेला डबा त्याने संपवला, माझाही अर्धा संपवला.

संध्याकाळी आम्ही बरोबर निघालो. हे सगळं, सासऱ्यांचं, आरशाचं, टाळलेल्या शब्दांचं, त्याने मला त्या वाटेवर सांगितलं. सांगताना कितीतरी वेळा अडला. मी मुकाट्याने वाट बघायचो, तो पुन्हा सुरू करायचा. इतक्या वर्षांच्या ओळखीत आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. माझ्या घराचं वळण आलं आणि मागे पडलं. त्याची गोष्ट अजून संपली नव्हती, म्हणून मी सरळ चालत राहिलो.